काट्यावर

अक्कलकोट रोडच्या गोदामात
मी काट्यावर बसते. नऊ ते सहा.
टॉवेलच्या कडा येतात, चादरीच्या दशा,
कात्रीच्या तोंडून निसटलेलं बोटभर, वीतभर,
सगळं लांबट, रुंदी कुणालाच नाही.
बिलावर मालक लिहितो : कॉटन वेस्ट.
वहीत मी लिहिते : चिंधी.
वेस्टला कर लागतो,
चिंधीला नुसती धूळ.

एकदा जेवणाच्या सुट्टीत वाद पेटला,
शब्द कुणाचा?
बालमणी येमूल म्हणाली, आमचा.
कापड फाटलं की आम्ही म्हणतो, चिनिगिंदि.
घाईत म्हणून बघ.
म्हणून बघितलं.
चिनिगिंदि, चिनगिंदि, चिंदि.
तोंडात भाकरीचा घास होता
तरी टर्रकन आवाज आला.

गौरव्वा हत्तुरेला हसू आवरेना.
चिंदी आमच्या कन्नडात बसलीय कधीची, पाय पसरून.
तुम्ही मराठी लोकांनी तिला उगाच तो 'ध' चिकटवला,
सुटलेल्या पोटासारखा.

जैबुननं दातातला दोरा काढला.
हमारे में तो ये गाली है, म्हणाली.
मेहेर ठरत होता, पडद्याआड मी,
आणि माझाच चुलता बाहेर म्हणतो, क्या चिंदीगिरी है.
कुणाला म्हणाला, ते अजून कळलेलं नाही.
तेहतीस वर्षं झाली.

मी गप्प होते. मला आठवत होती
आईच्या ट्रंकेतली, घड्या घालून ठेवलेली चिंधी :
कापलं की हळदीसोबत,
दिव्याला वात नसली की वातीला,
वेणीला रिबीन नसली की रिबीन.
महिन्याला लागायची तीही तिथलीच,
तिचं मात्र नाव घ्यायचं नाही.
वळणावरच्या बाभळीला बायका बांधायच्या,
त्या झाडाला पानांहून चिंध्या जास्त.
काय मागितलं, ते झाडालाच ठाऊक.

इंगळगी सर आले, गादीत भरायला पाच किलो हवी होती.
रिटायर झाल्यापासून त्यांना शब्दांचा नाद.
विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले,
जुन्या प्राकृतात 'चिंध' म्हणजे चिन्ह. खूण. निशाण.
तिथून आली असेल. बहुधा.
कोशवालेसुद्धा 'बहुधा' लिहून मोकळे होतात, बाई.
मग किलोमागे दोन रुपयांसाठी
पंधरा मिनिटं घासाघीस केली.
चिंदीगिरी, मागून जैबुन पुटपुटली.

ते गेले, आणि मी समोरच्या पोत्यांकडे बघितलं.
प्रत्येकीच्या पोत्याचं तोंड बांधलेलं, प्रत्येकीच्या चिंधीनं :
बालमणीची लाल, किनारीची.
गौरव्वाची पांढरी, पण गाठ दुहेरी.
जैबुनला मोरपंखीशिवाय चालत नाही,
नाही मिळाली तर पोतं उघडं ठेवते.
नाव कधीच कुणी लिहिलं नाही,
अर्ध्याजणींना येत नाही, उरलेल्यांची लिपी मला येत नाही.
तरी अकरा वर्षांत
एकीची मजुरी दुसरीला गेली नाही.
हेच वाचत होते मी. रोज. काट्यावर बसून.

बालमणी तीन आठवडे आलेली नाही.
मुलानं भिवंडीला नेली म्हणतात,
कुणी म्हणतं, मोतीबिंदू.
तिचं अर्धं पोतं भिंतीला टेकून.
मालक म्हणाला, सोड, दुसऱ्यात ओत, जागा अडते.
मी ते उचलून काट्यावर ठेवलं.
नऊ किलो चारशे.
तिच्या नावावर मांडलं, पुन्हा भिंतीला टेकवलं.

खरं तर वरच्या चिंधीचं वजन
दर वेळी वजा करायचं असतं,
तसा नियम आहे.
मी कधी केलं नाही.