बाद की दुरुस्त

सोहारच्या रिफायनरीत एकवीस वर्षं
मी वेल्डिंगच्या सांध्यांच्या फिल्म वाचतो.
अंधाऱ्या खोलीत, व्ह्यूअरच्या दुधी काचेवर
एखादा ठिपका, केसाएवढी एखादी रेघ:
वायूचं छिद्र, अडकलेली मळी, न वितळलेली कड.
खाली एकच शब्द लिहायचा असतो,
दुरुस्त किंवा बाद.
मग खोलीवर जाऊन कांदा चिरायचा.

आज डॉक्टर झुवैना बलूशी
माझी फिल्म पडद्यावर फिरवते.
डावं मूत्रपिंड, खालचं टोक,
अठ्ठावीस मिलिमीटर.
पित्ताचे खडे बघायला गेलो होतो,
किल्ली शोधताना दुसऱ्याच्या नावचं पत्र हाती लागावं
तसं हे लागलं.

ती पुण्यात शिकली होती कधीकाळी.
बोलते हिंदीत, पण एक शब्द मराठी उरलाय तिच्याकडे:
"थोडं काढायचं, की सगळं?"

सगळं काढणं सोपं.
नळ्या बांधायच्या, पिशवीत घालायचं, बाहेर.
थोडं काढायचं तर रक्ताचा नळ बंद करून
वीसेक मिनिटांत कापायचं,
भोवती निरोगी मांसाची बारीक किनार घेऊन,
शिवायचं, आणि नळ सोडून बघायचं
कुठे गळतंय का.
गळतंही कधी कधी, ती लपवत नाही.
"पण तुमची साखर, तुमचं प्रेशर,
क्रिएटिनीन आत्ताच काठावर.
मला जेवढं राखता येईल तेवढं राखायचंय."

राखायचं.
हा शब्द मी कुठल्याच अहवालात लिहिलेला नाही.

रात्री फोनवर वृंदा, संगमेश्वरहून:
"मुळासकट काढून टाका. एकावर जगतात माणसं.
उगीच जिवाला घोर नको."
मी म्हणालो, तू आयुष्यभर किडक्या वांग्याचा
तेवढाच भाग काढत आलीस,
अख्खं वांगं कधी टाकलंस?
ती बराच वेळ गप्प.
मागे कुकरची शिट्टी, कुणाचं तरी कुत्रं.
"वांगं चुकलं तर दुसरं मिळतं बाजारात," म्हणाली,
आणि नेटवर्क गेलं, की तिनेच ठेवला.

झोप नाही. खिडकीखाली एसीचं पाणी ठिबकतंय.
मोतालेब आठवतो, आठ इंची लाईन,
जुलैची दुपार, सावलीतही पत्रा भाजणारा.
तीन सांध्यांपैकी एकात एक छिद्र होतं,
ग्राइंडर लावला असता तर तासाचं काम.
मी अख्खा तुकडा बाद केला.
दुरुस्तीला माझी सही लागली असती,
बाद करायला नुसती भीती पुरली.
उकिडवा बसून त्याने चामड्याचे हातमोजे काढले,
बोट बोट मोकळं करत, सावकाश.
"इतना तो घिस देता मैं, साब."
एवढंच.
त्या आठवड्याची पगारपावती
मी त्याला विचारली नाही.

सही दोन ठिकाणी करायची होती.
पहिली: थोडं.
दुसरी, बारीक अक्षरांत:
आत गेल्यावर जमलं नाही, तर सगळं.
"उघडल्याशिवाय कळत नाही," झुवैना म्हणाली,
आणि पेन माझ्या हातात देऊन
खिडकीकडे बघत राहिली, मला घाई नको म्हणून.
मी दोन्हीकडे केली.
दुसरी सही पहिलीसारखी आली नाही.

पहाटे तिने डाव्या कुशीवर
जांभळ्या मार्करने बाण काढला.
मी पाईपवर पिवळ्या खडूने काढतो तसाच,
किंचित वाकडा.
पुढे अक्षर नाही, आकडा नाही.
रात्रीपासून पाणी बंद, जीभ टाळूला चिकटलेली.

खाली, पार्किंगमध्ये
मोतालेब पिकअपमध्ये बसलाय.
पहाटे तीनला त्यानेच आणलं मस्कतला,
वाटभर एक शब्द न बोलता.
सांगितलं, जा, ड्यूटी आहे तुझी.
तो गेलेला नाही.