फिकट गुलाबी

नंदेसरीच्या लॅबमध्ये मी नव्या पोरांना शिकवतो:
ब्युरेटची चावी डाव्या हातात,
उजव्याने फ्लास्क गोल हलता ठेवायचा,
शेवट जवळ आला की थेंब, मग अर्धा थेंब,
काचेच्या टोकाला लोंबणारा, अलगद धुऊन उतरवलेला.
फिकट गुलाबी दिसला म्हणून लगेच वहीत लिहायचं नाही.
तीस सेकंद टिकला पाहिजे.
गडद झाला तर गेलं, पुन्हा पहिल्यापासून.

सतरा वर्षं शिकवतोय.
घरी दरवेळी गडद.

उल्का म्हणायची, "असू दे."
त्या असू देला धार नव्हती, हेच कठीण.
मग उठून गॅलरीतले कपडे काढून आणायची,
रात्री साडेअकराला,
वाळलेले नसले तरी.

मी एकोणतीसचा पाढा म्हणून पाहिला.
दांडिया बाजारातल्या वैद्याची काळी पूड
मधातून महिनाभर चाटली, पित्त झालं.
गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं
आणि कशाचंच काही वाटेनासं व्हायचं,
उल्काचंसुद्धा.

आज रावपुऱ्यात, टॉवरच्या घड्याळाकडे न बघता,
तिसऱ्या मजल्यावर.
खाली शेव-उसळीचं दुकान, जिनाभर तरीचा वास.
काउंटरवरची पोरगी ओरडली, "नंदकिशोरभाई पराडकर!"
बाकावरच्या सगळ्या माना वर.
मी कंबरेवर हात ठेवला
आणि मूतखडा असल्यासारखा चालत गेलो.

डॉक्टर झवेरींनी विचारलं, "किती वेळ?"
दुसऱ्या दशांशापर्यंत मोजणारा मी,
हे कधी मोजलंच नव्हतं.
म्हणालो, चाळीस सेकंद. कधी कमी.
त्यांनी लिहून घेतलं,
जसं कुणी वजन लिहून घेतं.

मग कागदावर चित्र काढलं. मला ती अळंबी वाटली.
कातडीखाली जेलचा पातळ थर,
नसा तिथेच, फक्त स्पर्श जरा लांबून ऐकू येणार.
बायका ओठात भरून घेतात, त्याच जातीचं.
सगळ्यांना लागू पडत नाही.
काही महिन्यांनी विरघळतं.
अभ्यास अजून चालू आहेत, हमी देणार नाही.
तिथेच माझा विश्वास बसला.
आमच्याकडेही प्रत्येक आकड्याशेजारी
अधिक-उणे लिहावं लागतं.

बधिर करायचं मलम लावून मी छताकडे बघत पडलो.
छतावर ओल आलेली, कच्छच्या नकाशासारखी.
सुई आली तेव्हा सवयीने
मी सिरिंजच्या रेघांवर डोळा नेला,
पातळी वाचायला, नजर समांतर ठेवून.
"गभराशो नहीं," डॉक्टर म्हणाले.
घाबरलो नव्हतो.
वाचत होतो.

एक टोचणी. दुसरी. तिसरी टोचली
तेव्हा मला बाबा आठवले, का कोण जाणे,
दाराआड कधीच न खोकणारे बाबा,
आणि आईच्या हातातले रात्रीचे ओले कपडे.

जिना उतरलो, एकेक पायरी, पाय जरा फाकून.
खालच्या दुकानात उल्का बसली होती.
मी तिला फर्स्ट शिफ्ट सांगितली होती.
शर्ट धुवायला टाकताना खिसा तपासायचा मी विसरलो,
ती नाही विसरली.

समोर उसळीची बशी, नाकातून पाणी,
पदराने पुसत होती.
"हळू बस," ती म्हणाली.
"दोन पाव जास्तीचे सांगितलेत."

मी बसलो. बराच वेळ कांदा निवडत राहिलो.
मग म्हणालो,
"वेळ विचारला. मी चाळीस सेकंद सांगितले."

तिने पाव मोडला, तरीत बुडवला,
बशीवरून नजर न काढता म्हणाली,
"पन्नास तरी सांगायचेस."

आणि हसली. ठसका लागेपर्यंत हसली,
शेजारच्या टेबलावरचा माणूस पाण्याचा ग्लास घेऊन धावला.
तिखटाने तिच्या कानाच्या पाळ्या गुलाबी झालेल्या.

मी बघत राहिलो.
काही लिहिलं नाही.