बाब क्रमांक चौदा

अप्परची शाळा, तिसरी ब.
पाण्याच्या टाकीशेजारी मला एक बाक दिलाय,
वरचा पंखा नुसता लटकतो.
एका मुलामागे बावीस मिनिटं,
एका बाबीला एक ते चार यांतला एक आकडा.
शून्य द्यायचं नाही, प्रशिक्षणात बजावलंय,
मुलं खचतात म्हणे.
मुलांना आकडे दाखवायचेही नाहीत.

भाग्यवंती राठोड. वय आठ, किंवा नऊ.
बाब तीन: समस्या सोडवणे.
समजा, तू बाजारात हरवलीस, तर काय करशील?
'मी न्हाई हरवत. सुन्या हरवतो.'
बरं, मग?
'मग मी हाय तिथंच उभी राहते.
त्याला ठावं हाय, मी हालत न्हाई.'

उत्तरसूचीत पोलीसकाका आहेत,
आईचा मोबाईल नंबर आहे.
उभं राहणं नाही.
मी दोन लिहिते, खोडते,
पुन्हा दोन लिहिते.
कागद त्या जागी पातळ झालाय.

बाब सात. चार चेहऱ्यांची चित्रं.
यातला रागावलेला कोण?
तौसिफ बागवान तिसऱ्यावर बोट ठेवतो.
तिसरा दुःखी आहे, छापलंय तसं मागच्या बाजूला.
'नाही मॅडम, रागच आलाय त्याला.
पण घरात पाहुणे आहेत.'
चूक. चुकीला एक.

बाब अकरा, जोडीने मनोरा रचणे.
अर्पिताच्या उजव्या हाताला प्लास्टर.
जोडीदार विहंग प्रत्येक ठोकळा
तिच्या डाव्या हाताजवळ सरकवत राहिला
आणि वाट बघत राहिला.
घड्याळ वाजलं तेव्हा मनोरा चार ठोकळ्यांचा.
वेळेचा रकाना भरला.
वाट बघण्याला रकाना नव्हता,
समासात लिहिलं. समास संगणकात चढत नाही.

मधेच खिचडीची घंटा.
अर्धा तास माझ्यापुढे कोणीच नाही,
फक्त ताटांचा आवाज
आणि कुणाचा तरी एक मोजा.

बाब चौदा: ठामपणे नकार देणे.
मनाविरुद्ध कोणी काही करायला सांगितलं तर?
'नाही म्हणायचं!'
सव्वीसच्या सव्वीस, एका सुरात,
पाढ्यासारखं.
चार. चार. चार. चार.
याच बाबीत शाळा तालुक्यात पुढे जाईल.

तेवढ्यात फोन. बाणेरच्या ऑफिसातून.
आज अजून एक शाळा उरकेल ना?
आणि रविवारी एंट्रीला बसाल ना, मागच्यासारखं?
हो सर.
नाही सर, काही अडचण नाही.
हो सर.

भाग्यवंती समोर उभी.
कधीपासून, माहीत नाही.
माझी पेन्सिल परत करायला आलीय,
ब्लेडने दोन्ही बाजूंनी टोक काढून.
'एक मोडलं तर दुसरं ऱ्हातंय,' म्हणते
आणि वर्गात पळते.

बाब तीन. मी पान उलटून बघते.
दोन.

बसस्टॉपवर सवयीने पेन्सिल कानामागे खोचली.
आता ती टोचते.