डाव्या आरशाचा स्क्रू

अकरा वर्षांनी आज
शेवटचा स्क्रू बसला. डाव्या आरशाचा.
कजेतानने पाना पुसला, पुन्हा पुसला,
आणि ठेवायचा कुठे ते त्याला सुचेना.

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
शेजारच्या शेडमधला प्रेस थांबला,
पोरं दारात आली, चिंधीला हात पुसत.
बावन्नची एमजी. पत्रा भिवंडीच्या भंगारातला,
कार्बोरेटरची सुई मी लेथवर काढलेली,
सात वेळा चुकून.
रंग बाटलीहिरवा. सुलभा म्हणते शेवाळी. असो.

चोक ओढला. खोकली.
दुसऱ्यांदा नुसती शिंकली.
तिसऱ्यांदा धरलं तिने,
आणि खालून धडपडत निघाली ठमी,
हिच्याच पोटाखाली जन्मलेली कुत्री,
जिला आजवर वाटायचं
हे छप्पर आहे.

उपवनला एक फेरी मारली.
दुसरा गिअर अजून कुरकुरतो.
सिग्नलला एकाने किंमत विचारली,
मी ऐकू न आल्यासारखं केलं.

परतलो तर ठमी
फरशीवरच्या तेलाच्या जुन्या डागावर
मुटकुळं करून पडलेली,
वर बघत.
हलली नाही.

मग दोन्ही चाकं तिच्यापासून राखून
इंचाइंचाने गाडी मागे घेतली.
कजेतान गुडघ्यावर बसून हात दाखवत होता :
येऊ द्या… येऊ द्या…
बस.