वर्क अवे

डंगॅननच्या पॅरिश हॉलमध्ये मंगळवारी सात वाजता
आम्ही परवानगी मागायला शिकतो.

बर्नडेट मॅक्गर्क, पूर्वी नर्स होत्या,
फळ्यावर तीन पायऱ्या काढतात :
खाली कॅन, मधे कुड, वर मे.
जितकं वर चढाल, म्हणतात, तितका आवाज उतरवा.
मी चढते.
मे आय कम इन. मे आय सिट हिअर.
मे आय बॉरो युअर पेन –
आणि पेन माझ्याच हातात असतं.

घरी वस्तूंवर चिठ्ठ्या डकवल्यात.
केटल. ड्रॉवर. टॅप.
टॅपची चिठ्ठी रोज भिजते, अक्षर फिस्कटतं,
तरी पाणी येतं.
धाकट्या जुवेन्सियोने झोपलेल्या बापाच्या कपाळावर
फ्रिज चिकटवलं,
आणि तो तसाच रात्रपाळीला गेला.

सगळ्यात अवघड माइंड.
खिडकी उघडली तर यू माइंड का, असं विचारलं
तर नाही म्हणायचं, म्हणजे हो होतं.
आम्ही सगळे भली माणसं, हो हो म्हणत राहिलो.
दोन आठवडे खिडकी बंद.

आमच्या बाउकाउत एवढ्या पायऱ्या नाहीत.
बसलेल्या माणसांपुढून जाताना कमरेत वाकायचं,
उजवा हात पुढे, पाणी कापत जावं तसा,
आणि म्हणायचं : कोलिसेन्सा.
उत्तर कुणी देत नाही. पाय तेवढे आखडून घेतात.
हे सांगितलं तर बर्नडेट म्हणाल्या, लायसन्स!
अगं, हा तर आमचाच शब्द.
मी म्हटलं, आमचाही नाही. पोर्तुगीज ठेवून गेले.
ते आले तेव्हा त्यांनी तो वापरला नव्हता.
बर्नडेट थोडा वेळ हातातल्या खडूकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, हं. ठाऊक आहे.

सप्टेंबरात शेजारच्या युजीन क्विनच्या कुंपणावरून
ब्लॅकबेरी आमच्या बाजूला लोंबायला लागल्या.
आमच्या बाजूची फळं कुणाची, हे पुस्तकात नव्हतं.
मी वाक्य घासूनपुसून घेतलं,
भांडं पाठीमागे धरून गेले
आणि थेट वरच्या पायरीवरून :
मे आय पिक सम, प्लीज?

म्हाताऱ्याचं डोकं मोटारीच्या बॉनेटमध्ये.
मान वर न करता म्हणाला, वर्क अवे.

वर्क मला येतो.
विमानतळावर उतरल्या उतरल्या शिकलेला पहिला शब्द.
अवे म्हणजे लांब.
मी मागे फिरले.
दहा तास कोंबड्या कापून आलेय, याला वास तरी येऊ नये?
दोन दिवस पाखरं येऊन खाऊन गेली,
कुठल्याच पायरीवर न चढता.

मंगळवारी विचारलं.
बर्नडेट हसता हसता खुर्चीत बसल्या.
अगं बाई, वर्क अवे म्हणजे खुशाल!
घे की. विचारतेस काय.
फळ्यावर लिहायला उठल्या, पण पायऱ्यांवर जागा होईना.
शेवटी कॅनच्याही खाली, जमिनीवर लिहिलं.

गुरुवारी, चौथ्या तासाला, लाइनवर मी हात वर केला.
मे आय गो टू द टॉयलेट, प्लीज?
अर्नास आमचा सुपरवायझर, लिथुआनियाचा,
तोही कधीकाळी याच हॉलमध्ये बसलेला.
त्याने घड्याळ बघितलं, पट्टा बघितला,
म्हणाला, वर्क अवे.

पट्टा चालूच. कोंबड्या येतच होत्या.
आता हा कुठला?
तोंडावर मास्क, चष्म्यावर ट्यूबलाइट,
वाचायला माणूस उरलाच नव्हता.
शेजारी मिलितिना सुरी थांबवून बघत होती
मी काय ऐकलं ते.

मी ऐकला जमिनीवरचा.
हातमोजे काढले, आधी जाळीचा, मग रबरी,
आणि उभ्या पाठींच्या मागून
कमरेत वाकून, उजवा हात पुढे धरून निघाले.

कोलिसेन्सा.

मिलितिना सरकली.
तिच्या पलीकडच्या पोलिश बाईला हा शब्द येत नाही.
तीही जराशी सरकली.