सुआ : पाहा सेउ

रायबंदरच्या या खोलीला खिडकी एकच, पण नदीवर.
दिवाडीची फेरी सुटायच्या आत एक कार्ड संपवायचं
हा माझा मीच घालून घेतलेला नियम.
क्वचित पाळला जातो.

आज सकाळ 'उ'पाशीच गेली.
उ, आ, उश, आश.
नामाच्या आधी येऊन ते कोणतं हे सांगणारी इवलीशी रूपं.
मराठी नुसतं घर म्हणते,
कोणतं ते ऐकणाऱ्यावर सोडते.
अर्थाच्या जागी केंकरेसरांनी आडवी रेघ मारून ठेवलीय,
शेजारी पेन्सिलीनं : रेघ असू द्यावी,
कोरी जागा छापखान्याला चूक वाटते.

पद्धत अशी :
पुल्लिंगी एकवचन ठळक, डाव्या कडेला.
बाकीची त्याच्यामागे, बारीक,
संयोगचिन्ह देऊन नुसत्या शेपट्या.
एश्त, आकेल निमूट कापून घेतात.
मेउमधून मीन्या निघत नाही,
ती अख्खी लिहावी लागते.
शिवाय तिच्या अक्षराच्या जागी एक ओळ वेगळी,
अर्थ न देता : पाहा मेउ.
अशा ओळी मी आजवर चारशेवर लिहिल्या असतील.

आल्सिना काल आली ती दिवाडीहून,
पिशवीत आजोबांच्या काळचा एक दस्त,
घडीवर चिरलेला.
एका ओळीत पुल्केरिया, तिचा भाऊ इनास,
आणि लगेच पुढे सुआ काझा.
तिनं आमचा कच्चा खर्डा स्वतःच चाळला.
सुआ. पाहा सेउ.
पानं उलटी फिरवून सेउ.
त्याचा, तिचा, त्यांचा, आपला, तुमचा.
बोट पहिल्या स्वल्पविरामावर ठेवून म्हणाली,
"तें घर कोणाचें? ताचें काय तिचें?"

मी सांगितलं, सुआ स्त्रीलिंगी आहे ती घरापायी.
काझा बाई आहे. मालक बाई आहे की बाप्या
हे त्या शब्दाला ठाऊक नसतं.
"म्हणजे बरोवपी जाणा आशिल्लो," ती म्हणाली,
"आमीच जाणा नांत."

आपलं घर असं भाषांतर करता येतं.
त्यानं सुटका होते,
पण ती माझी. तिची नव्हे.
मराठीला त्याचं की तिचं हे आधी ठरवून हवं,
आणि ठरवायला मी कोण, रोजावर बसलेली,
शेपट्या मोजणारी.

तिनं दस्त पुन्हा त्याच घडीवर मोडला.
छत्री इथंच विसरली, अजून कोपऱ्यात आहे.

तिची फेरी निम्म्या पात्रात असताना
मी सुआच्या कार्डावरचं 'पाहा' खोडलं
आणि पाचही अर्थ तिथंच लिहिले,
एकाखाली एक, तिचा सर्वांत वर.
जागा फार जाते.
सर विचारतील, मग सेउला काय उरलं?
त्याच्यापुढे मी लिहून ठेवलंय, बारीक टायपात :
पाहा सुआ.