शेरा

ओम्नी मालकांची, मागचं दार काथ्यानं बांधलेलं.
मी चालवत होतो. शेजारी बिरू झोरे,
उद्यमनगरात माझ्या पलीकडच्या लेथवरचा,
मांडीवर स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरून,
दुसऱ्याचं पोर सांभाळायला दिल्यासारखा.

बुद्धपौर्णिमेला चांदोलीत जनावरं मोजतात.
रात्रभर मचाणावर बसायचं,
पाणवठ्यावर कोण येतं ते तक्त्यात लिहायचं.
अर्ज मी भरला, हौसेनं,
आणि खाली बिरूचं नाव घातलं. तुझाच मुलूख की, चल.
चार दिवस तो काही बोलला नाही.
पाचव्या दिवशी म्हणाला, डबा मी आणतो.

शिवाजी पुलाखाली म्हशी नाकपुड्यांपर्यंत बुडालेल्या.
त्यानं मान वळवली, पूल संपेपर्यंत वळवलेलीच ठेवली.
केर्लीला गॅस संपला. वाघबिळाच्या चढाला इंजिन तापलं.
कणसं भाजणाऱ्या बाईनं बादलीभर पाणी दिलं
आणि न विचारता सांगितलं, पन्हाळा आता जवळच आहे.
बांबवड्यात चहा. सरूडला रस्ता चुकलो.
ऊन असं, की डांबरावर टायरचा आवाज चिकट येत होता.

कोकरूडच्या अलीकडं बिरू म्हणाला,
"हितं थांबवलावता ट्रक. भांडी मोजाय."
कुठला ट्रक?
"गाव उठलं तवाचा. मी नऊ वर्साचा.
कोंबड्या डालग्यात घातल्या, देव पोत्यात.
म्हस काय फळीवर चढंना.
बा नं शेपूट पिरगाळली, चाबूक मोडला,
मग दावं कापून दिलं सोडून."

अकरा वर्षं आम्ही शेजारी.
मशीनच्या आवाजावरून ओरडून जे बोललो
ते सगळं मिलिमीटरमध्ये.

फाटकावर वनरक्षकानं पिशव्या उघडायला लावल्या.
काडेपेटी ठेवून घेतली, माझं अत्तराचं फायाही.
डब्याचं झाकण काढून वास घेतला.
"ही सरकी पेंड आहे."
"व्हय."
"कुणाला?"
"मला. डॉक्टरनं सांगितलंय."
वनरक्षक हसला नाही. झाकण लावताना एवढंच म्हणाला,
आत काही टाकायचं नाही. नेलं तेवढं परत दाखवायचं.

आमचा पाणवठा क्रमांक सात.
बिरूनं खाली वाकून कडेचा एक दगड चाचपला,
धुणं आपटून आपटून गुळगुळीत झालेला,
आणि काही न बोलता शिडी चढला.

सव्वानऊला भेकर. अकराला रानडुकरं, पाच, की सहा.
नंतर बराच वेळ फक्त चांदणं पाणी पीत होतं.
दोनच्या सुमाराला गवे आले,
पांढरे मोजे घालून पाहुणे यावेत तसे, दबकत.
एक मागं राहिला. अंग काळं, मान खाली.
बिरूनं घशातून आवाज काढला, जीभ टाळूला लावून,
तसा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता.
काळ्या अंगावर एक कान हलला.
मग ते सगळं झाडीत गेलं, मोज्यांसकट.
"गवाच हुता," बिरू म्हणाला. "लिव्ह."
डबा पहाटेपर्यंत त्याच्या मांडीवर. उघडला नाही.

सकाळी तक्ता त्यानंच पुरा केला,
ड्रॉइंगवर माप लिहावं तशा अक्षरात.
गवा ९. डुक्कर ५. भेकर १. अस्वल, निरंक.
शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून छापलेलं असतं तिथं, लिहिलं,
म्हस १, आली न्हाई.
वनरक्षकानं वाचलं. पेन उचललं, खोडायला असावं.
मग डबा बघितला, भरलेला,
आणि तसाच शिक्का मारला.

परतीला बिरू झोपला, तोंड उघडं टाकून.
गंगावेशीत संध्याकाळची धार चालू होती,
कट्ट्यावर माणसं पेले घेऊन उभी.
"थांबीव," तो म्हणाला. मला वाटलं, दूध प्यायचंय.
तो उतरला, एका परक्या म्हशीपुढं उकिडवा बसला
आणि डबा उपडा केला.
मालक ओरडला, "अहो, काय घालताय तिला?"
म्हशीनं आधी हुंगलं.